बुडीत मालाची हर्रास

वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही सध्या विलक्षण शोधात आहेत. त्यांना प्रीमियर पद्मिनी हवी आहे, आणि तीही पुराच्या पाण्यात बुडून निघालेली. सुस्थितीतील पद्मिनीला हौशी मंडळी हल्ली जी किंमत सांगतात ती निवृत्तिवेतनाला झेपणारी नाही. तेव्हा विमा कंपन्या पूरग्रस्त वाहनांची जी हर्रास करतात तीत एखादी जुनी फियाट अल्प मोलात पदरात पडेल आणि पुढची दहा-पाच वर्षे ती दुरुस्त करण्यात सुखाने जातील, असा त्यांचा हिशेब आहे. क्रांती चौकात, काळ्या चबुतऱ्याच्या बाजूला उभे राहून, उड्डाणपुलाच्या गोंगाटावर आवाज चढवीत त्यांनी हा बेत मला इतक्या तपशिलाने ऐकवला की, त्यात खोट कोठे आहे हे शोधून काढणे मला मित्रकर्तव्यच वाटू लागले. खोट निघाली, मात्र ती त्यांच्या हिशेबात नसून विमा कंपन्यांच्या हिशेबात होती.

महाराष्ट्रात बुडालेल्या मोटारींचा बाजार खऱ्या अर्थाने भरला तो २६ जुलै २००५ नंतर. त्या प्रलयात सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्यास अवघा ७३; म्हणजे एकाच शहरात एकाची मोटार छपरापर्यंत बुडाली आणि दुसऱ्याच्या मोटारीला नित्याच्या पावसाळ्याहून काही निराळे घडते आहे याची वार्ताही नव्हती. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेने सांगली-कोल्हापुरास वेढले, जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने चिपळूण बुडविले, आणि ज्या मराठवाड्याला पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाचेच भय ठाऊक त्या मराठवाड्याने सप्टेंबर २०२५ मध्ये पाण्याचे भय अनुभवले. अशा प्रत्येक आपत्तीनंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, छायाचित्रे काढतो, दुरुस्तीचा अंदाज मांडतो. आणि हा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर ‘टोटल लॉस’ असा निवाडा होऊन मालकाला रक्कम व भंगार खरेदीदाराला गाडी मिळते. बोली संगणकावर लागते, अनामत आधी भरावी लागते, आणि माल ‘जेथे आहे तेथे, जसा आहे तसा’ या शर्तीवर उचलावा लागतो. घेतल्यानंतर कोणतीही हरकत ऐकून घेतली जात नाही.

आता गोम अशी की, हे विमा-मूल्य गाडीच्या वयाबरोबर उतरत जाते. पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के घट, आणि पाचवे वर्ष सरेपर्यंत ती पन्नास टक्क्यांवर जाते. त्यापुढचे मूल्य कंपनीने आणि मालकाने आपसांत ठरवायचे. चाळीस वर्षांच्या पद्मिनीचे मूल्य आपसांत ठरवायला कोणती कंपनी उत्साहाने बसेल? परिणामी अशा गाडीचा मालक कायद्याने सक्तीचा असलेला तेवढा ‘थर्ड पार्टी’ विमा उतरवून मोकळा होतो, आणि त्या विम्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला एक छदामही मिळत नाही. पूर आला की सर्व्हेअर तिच्याकडे फिरकत नाही. तलाठ्याच्या पंचनाम्यात पीक येते, घर येते, जनावर येते. मोटार येत नाही. म्हणून हर्राशीच्या मैदानात दोन-तीन वर्षांच्या चकचकीत गाड्या रांगेने उभ्या असतात, आणि आमच्या स्नेह्यांना हवी असलेली पद्मिनी मात्र कोणत्याही दप्तरात रुजू न होता वजनाच्या भावाने परस्पर भंगारवाल्याकडे गेलेली असते.

जुन्या विमा-दरपत्रकात पुराण्या मोटारींविषयी जो आदर होता तो १९४० च्या अखेरीपूर्वी बनलेल्या आणि क्लबचा दाखला मिळविलेल्या मोटारींपुरता. त्यांना हप्त्यात सवलतही होती. पुढे केंद्र सरकारने २०२१ च्या नियमांनी मूळ स्वरूपात राखलेल्या पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी देऊ केली, हे चांगले झाले. पण ‘पद्मिनी’ हे नावच १९७४ च्या सुमाराचे. त्यापूर्वी हीच गाडी वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट म्हणून बाहेर पडत असे. तेव्हा पद्मिनींपैकी अगदी थोरल्या तेवढ्या आता कोठे या सन्मानास पात्र होत आहेत, आणि बाकीच्या अजून ना नव्या ना पुराण्या अशा अवस्थेत आहेत.

या सगळ्यातला विपर्यास मला उमगला तो चौकापासून उस्मानपुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गॅरेजात. तेथील वयोवृद्ध मिस्त्री, ज्यांना सारा मोहल्ला ‘चाचा’ म्हणतो, आमच्या स्नेह्यांना म्हणाले, “साहेब, पाण्यातून काढायची असेल तर जुनीच घ्या. नवी गाडी वाळत नाही.” याचा खुलासा त्यांनी जो केला तो एखाद्या प्राध्यापकाला शोभावा असा होता. नव्या गाडीचे इंजिन, ब्रेक, खिडक्या, दारांची कुलुपे या सर्वांचा कारभार लहान लहान संगणकांच्या स्वाधीन असतो. त्यांतले काही आसनांखाली व पायपुसण्यांखाली, म्हणजे पाणी प्रथम जेथे शिरते तेथेच, बसविलेले असतात, आणि गाळाचे सूक्ष्म कण तारांच्या जोडांत अडकून राहिले की आज एक तर सहा महिन्यांनी दुसरा असे ते आळीपाळीने दगा देत जातात. पद्मिनीचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन मात्र कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि पॉइंट यांवर चालते. हे सारे उघडून, रॉकेलने धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा बसविता येते. अट एकच, पाणी उतरल्यावर मालकाने उतावीळपणे किल्ली फिरविलेली नसावी. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असताना इंजिन फिरविले की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चाचांच्या मते पुराने मेलेल्या इंजिनांहून किल्लीने मारलेली इंजिने अधिक असतात.

जुन्या गाडीचा खरा वैरी पत्रा. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत नदीची काळी माती शिरून बसली की ती दोन-दोन पावसाळे ओल धरते आणि गंज आतून बाहेर येतो. वरून रंग नवा दिसतो आणि पेचकस टोचला की आरपार जातो. डिफरन्शियलचे तेल दुधाळ झाले आहे काय, आसनातील काथ्याला कुजका वास येतो काय, जॅक लावण्याच्या जागा भक्कम आहेत काय, हे प्रश्न चाचा ज्या क्रमाने विचारीत गेले त्यावरून आमच्या स्नेह्यांनी आपल्या वहीत एक फर्दच तयार केली.

हर्राशीतल्या नव्या गाड्यांविषयी चाचांचे मत मात्र तिखट होते, आणि ते निराधार नव्हते. अमेरिकेत अनेक राज्यांत पुरात सापडलेल्या गाडीच्या मालकीपत्रावर तसा शिक्का बसतो. २०२२ मध्ये इयान वादळात फ्लोरिडातील नेपल्स येथे एक अतिमूल्यवान मॅक्लारेन पी-१ गॅरेजातून वाहून रस्त्यावर आली, आणि पुढे आपल्या दुर्दैवाच्या जाहीर इतिहासासह लिलावात उभी राहिली. आपल्याकडच्या आरसीवर असा शेरा मारण्याची पद्धत नाही. वाहन कायमचे निकामी झाले तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावे, असे मोटार वाहन अधिनियमाचे ५५ वे कलम सांगते. कळविले नाही तर भंगारातल्या गाडीचे कागद मागे जिवंत राहतात. नवी मुंबई पोलिसांनी २०२१ मध्ये उघडकीस आणलेल्या प्रकरणात तर, २०१९ च्या पुरात भिजून भंगार म्हणून विकल्या गेलेल्या बीएस-४ गाड्या चेसी क्रमांक बदलून, बनावट दस्तऐवजांवर, अजाण ग्राहकांच्या गळ्यात बांधल्या गेल्या होत्या. पद्मिनीच्या वाट्याला निदान असला कपटी पुनर्जन्म येत नाही, कारण तिला चोरून नवी म्हणून विकणार कोणाला?

स्नेह्यांनी हर्राशीचा नाद सोडला असून सांगली जिल्ह्यात एक गाडी हेरली आहे. २०१९ मध्ये ती दोन दिवस पाण्यात होती, किल्ली कोणी फिरविली नाही, आणि पत्रा चाचांनी स्वतः जाऊन टोचून पाहिला आहे. भाव ठरला, इसारही दिला. अडचण एवढीच की, मूळ मालक वारले. गाडी अद्याप त्यांच्याच नावावर आहे, नोंदणीची मुदत टळून गेली आहे, पर्यावरण कर थकला आहे, आणि वारस तीन. गाडी वारसाच्या नावे चढविण्याच्या कागदांवर दोघांच्या सह्या झाल्या. तिसरा म्हणतो, वडिलांची गाडी आहे, विकायची कशाला, मीच दुरुस्त करीन.