शिक्षकाचा अर्ज

शिक्षकाच्या जागेसाठी आलेला अर्ज म्हणजे त्या उमेदवाराचा शाळेस घडणारा पहिला परिचय होय. तो सत्य व सुबोध असावा, एवढीच अपेक्षा. परंतु ती पुरी करणारे अर्ज विरळाच आढळतात, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते.

आमच्या पाहण्यात आलेल्या एका अर्जात आरंभीच एकेका दिवसाच्या कार्यशाळांची अकरा प्रमाणपत्रे वर्णिली होती. बी. एड्. पदवीचा उल्लेख त्यांच्या खाली. आणि पदवीचा मुख्य विषय कोणता, याचा उल्लेख तर कोठेच नव्हता! ज्याला गणित शिकवावयाचे, त्याने स्वतः गणिताचा अभ्यास कोठवर केला आहे हेच जर कळले नाही, तर त्या अकरा कागदांचा उपयोग काय?

आमच्या मते क्रम असा असावा. प्रथम पदवी, विषय, विद्यापीठ, वर्ष व श्रेणी यांसह. नंतर डी. एल. एड्. अथवा बी. एड्. ही अध्यापनाची पात्रता. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा. तिचा पहिला पेपर इयत्ता १ ली ते ५ वीसाठी व दुसरा ६ वी ते ८ वीसाठी असल्यामुळे, आपण कोणता पेपर उत्तीर्ण झालो हे स्पष्ट लिहावे. निकाल हाती आला नसेल, तर 'परीक्षेस बसलो आहे' असेच लिहावे. अल्पकालीन वर्ग अगदी शेवटी, आणि तेही शिकविण्याच्या कामी येतील तेवढेच.

कोणी म्हणेल, कागदाने का कोणी शिक्षक होतो? होत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु कागदामागील अभ्यासाने निश्चित होतो. सावित्रीबाई फुले यांनीही अहमदनगरास मिस फरार यांच्या शाळेत व पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले होते. अभ्यासावाचून मिळविलेल्या कागदाची गत मात्र निराळी. पात्रता परीक्षेतील गैरप्रकारांवरून २०२२ साली महाराष्ट्रात ७,००० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. त्या कलंकाची झळ प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्यांसही लागली, हे अधिक दुःखाचे.

वर्गात उभे राहून 'मुलांनो, नक्कल करू नका' असे ज्याने सांगावयाचे, त्याचा पहिला कागदच खोटा असेल, तर तो कोणत्या तोंडाने सांगणार? विद्यार्थी बंधुभगिनींनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या असा अर्ज लिहावयास बसतील. त्यांनी चारच ओळी लिहाव्या, पण त्या खऱ्या असाव्या. अर्ज एकदाच वाचला जातो. शिक्षकास मात्र मुले रोज वाचीत असतात.