काळी शी आणि आजोबांचा गोळ्यांचा डबा

आपल्या बहुतेक घरांत आजी-आजोबांचा गोळ्यांचा एक डबा असतो. त्यात रक्तदाबाची गोळी असते, हृदयासाठी ॲस्पिरिन असते आणि गुडघे फारच दुखले की घ्यायची वेदनाशामक गोळीही असते. ही शेवटची गोळी बहुधा डॉक्टरांना न विचारता कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून आणलेली.

जठराच्या आतल्या अस्तरावर एक बुळबुळीत थर असतो. पोटातल्या आम्लापासून तोच जठराला वाचवतो. ॲस्पिरिन आणि बऱ्याच वेदनाशामक गोळ्या हे संरक्षण कमी करतात आणि तिथे व्रण, म्हणजे अल्सर होतो. दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. तो शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं. मार्शल यांनी तर हे जंतू स्वतः पिऊन पाहिले होते!

व्रण खोल जाऊन रक्तवाहिनी उघडी पडली की रक्तस्राव सुरू होतो. कधी रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होते. कधी मात्र शी डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होते, एवढंच. पोट दुखेलच असं नाही. म्हातारी माणसं हे संकोचानं सांगत नाहीत, किंवा ‘मूळव्याध असेल’ म्हणून सोडून देतात. पण मूळव्याधीचं रक्त लाल असतं. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, हे खरं. तरी चक्कर, धाप किंवा घाम असेल तर वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.

तिथे आधी सलाईन आणि गरजेप्रमाणे रक्त देऊन रुग्णाला स्थिर करतात. मग साधारण २४ तासांच्या आत एंडोस्कोपी होते. तोंडातून करंगळीएवढ्या जाडीची लवचिक दुर्बीण आत जाते. तिच्यातल्या अरुंद मार्गातून सुई, क्लिप किंवा उष्णता देणारं उपकरण सरकवता येतं. ॲड्रेनॅलिनचं सौम्य इंजेक्शन रक्ताचा जोर कमी करतं. नुसतं ते पुरत नाही, म्हणून जोडीला क्लिपचा चिमटा लावतात किंवा रक्तवाहिनी उष्णतेनं बंद करतात. क्लिप पुढे आपोआप सुटून शौचावाटे निघून जाते. मधल्या काळात एमआरआय करायचा झाला तर क्लिपबद्दल आधी सांगा. यकृताच्या आजारात अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांतून रक्त येतं, तेव्हा त्या शिरांना रबरी कड्या घालतात.

छिद्राचं काय? मोठ्या आतड्यातला कोंब काढताना क्वचित भिंतीला भोक पडतं. ते लगेच लक्षात आलं आणि लहान असलं तर आतूनच क्लिपनं बंद करता येतं. पण व्रण फुटून पोटाला छिद्र पडलं तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच लागते. अचानक असह्य दुखणं आणि फळीसारखं घट्ट पोट, ही त्याची खूण. अशा वेळी खायला-प्यायला काही देऊ नका, घरच्या घरी वेदनाशामक गोळीही नको. वेळ घालवणं सगळ्यांत धोक्याचं.

रक्त थांबलं म्हणजे काम संपलं असं नाही. आम्ल कमी करणारं औषध सांगितलं तेवढे दिवस घ्यायचं. जंतूची तपासणी करायची आणि तो सापडला तर प्रतिजैविकांचा कोर्स पुरा करायचा. ॲस्पिरिन मात्र मनानं बंद करायची नाही. ती कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची हे हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.

तरुण मंडळींनो, येत्या रविवारी चहा झाल्यावर आजोबांचा तो डबा उघडा. प्रत्येक गोळीचं नाव कागदावर लिहा आणि पुढच्या भेटीत तो कागद डॉक्टरांना दाखवा. आणि आजीला एकदा शांतपणे विचारा, ‘शौचाला नीट होतंय ना? रंग कसा असतो?’ घरातल्या नातवानं विचारलं, तर ती लाजत का होईना, सांगेल.