गायगर काउंटर गप्प आहे, म्हणजे धोका नाही? न्यूट्रॉन मोजणारं हातातलं यंत्र बनवणं इतकं अवघड का?

३० सप्टेंबर १९९९. जपानमधल्या टोकाईमुराच्या अणुइंधन कारखान्यात कामगारांनी बादलीने युरेनियमचं द्रावण टाकीत ओतलं. प्रमाण मर्यादेबाहेर गेलं आणि टाकीतच अणुविखंडनाची साखळी सुरू झाली. कारखान्यातले अलार्म गॅमा किरणांसाठीचे होते. साखळी अजून थांबलेली नाही, हे न्यूट्रॉन मोजल्यावर स्पष्ट झालं. ती सुमारे २० तास चालली. पुढे दोन कामगारांचा मृत्यू झाला.

न्यूट्रॉन सापडत का नाहीत?

न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. नेहमीच्या गायगर काउंटरला मात्र विद्युतभारित कणच जाणवतात. म्हणून न्यूट्रॉनला आधी अशा अणूवर आदळवावं लागतं, ज्यातून भारित कण बाहेर पडतील. हेलियम-३ वायू हे काम उत्तम करतो.

पण वेगवान न्यूट्रॉन त्यातूनही बहुतेक निसटतात. त्यांचा वेग कमी करायला हायड्रोजन लागतो. कॅरम आठवा. स्ट्रायकर सोंगटीवर आदळला की वेग गमावतो, कडेवर आदळला की उसळून परत येतो. न्यूट्रॉन आणि हायड्रोजनचं केंद्रक जवळपास सारख्याच वस्तुमानाचे असतात. म्हणून नळीभोवती हायड्रोजनने भरलेलं पॉलिथिलीन लावतात.

मग अडचण काय?

पहिली, वजन. प्लास्टिकचा थर काही सेंटीमीटर जाड हवा. डोस नीट मोजणाऱ्या काही यंत्रांचं वजन त्यामुळे १० किलोच्या आसपास जातं. थर कमी केला तर यंत्र हलकं होतं, पण अचूकता घटते.

दुसरी, हेलियम-३ची टंचाई. हा वायू मुख्यतः अण्वस्त्रांसाठी बनवलेल्या ट्रिटियमच्या क्षयातून मिळतो. २००१च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने बंदरं आणि सीमांवर शोधयंत्रं बसवली, मागणी वाढली आणि साठा आटला.

तिसरी, गॅमाची गल्लत. पर्याय म्हणून लिथियम-६ असलेले स्फटिक वापरले जातात. पण त्यातले काही गॅमा किरणांनीही चमकतात. कोणती चमक कशाची, हे सिग्नलच्या आकारावरून ओळखावं लागतं. चूक झाली तर खोटा अलार्म तरी वाजतो किंवा खरा धोका तरी सुटतो.

आपल्याला याचं काय?

प्लुटोनियममधून आपोआप न्यूट्रॉन बाहेर पडतात. शिशाचं आवरण गॅमा बरेच अडवतं, न्यूट्रॉन फारसे नाही. म्हणून तस्करी पकडायला हे यंत्र महत्त्वाचं ठरतं.

त्यामुळे यापुढे ‘मीटर शून्य दाखवतोय, सगळं सुरक्षित आहे’ असा व्हिडिओ दिसला, तर शेअर करण्याआधी एक प्रश्न विचारा: शून्य, पण कशाचं?