गेवराईचं एक तिकीट द्या!

गोदीत नवा माणूस आला की त्याला दोन प्रश्न विचारतात. आडनाव काय? आणि स्टेशन कोणतं? पहिला प्रश्न कशासाठी असतो ते आपल्याला ठाऊक आहे. त्याच्यावर आपण खंडीभर लिहिलंय आणि अजून लिहू. आज मी दुसऱ्या प्रश्नावर लिहिणार आहे.

माझ्या पाळीत एक जण मनमाडचा, एक कुर्डुवाडीचा, दोघं बलियाकडचे. सगळ्यांना स्टेशन आहे. माझी पाळी आली की मी म्हणतो, गेवराई.

"ते कुठं आलं?"

"बीड जिल्ह्यात."

"स्टेशन कोणतं?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही बाबा. जालन्याला नाहीतर संभाजीनगरला उतरायचं, तिथनं एस.टी. धरायची."

बलियाचा पोऱ्या हसतो. त्याचं गाव हजार मैलांवर, तरी त्याच्या गावाला तिकीट मिळतं. माझं गाव महाराष्ट्रात, आणि मला माझ्याच राज्याच्या राजधानीत खिडकीवर जाऊन म्हणता येत नाही, की गेवराईचं एक तिकीट द्या.

मागल्या साली आज्जी गेली. पहाटे फोन आला. पाळी सोडून निघालो. दिवसाची गाडी खच्चून भरलेली, जनरलच्या दारात एक पाय आत एक बाहेर. उतरलो तेव्हा रात्र झाली होती आणि शेवटची एस.टी. गेली होती. स्टँडवर बसून रात्र काढली. गावात पोचलो तर चिता विझलेली. माय एवढंच म्हणाली, "लई वाट बघितली रं." मी कुणावर राग काढू? गाडीवर? ड्रायव्हरवर? त्यांचा काय दोष! ज्यांनी नकाशावर रेघ ओढली आणि आम्हाला रेघेबाहेर ठेवलं, त्यांच्यावर मी हा राग काढतोय. कागदावर.

आता कुणी म्हणंल, का रडतोस, बीडला रेल्वे आली की! आली. १७ सप्टेंबर २०२५ ला आली. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा दिवस मुद्दाम धरून आली. निजाम जाऊन ७७ वर्षं झाली त्या दिवशी बीड शहरानं पहिल्यांदा प्रवासी गाडी बघितली. म्हातारी माणसं स्टेशनवर जाऊन डब्याला हात लावत होती. त्या माणसांना मी हसणार नाही. मी हसतो ते हार घालून घेणाऱ्यांना.

हिशोब बघा. नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग. मंजूर झाला १९९५-९६ साली. तेव्हा मी जन्मलो नव्हतो. तेव्हाचा खर्च ३५३ कोटी. नंतर तो ४,८०५ कोटींवर गेला, त्यातला निम्मा राज्यानं द्यायचा. का वाढला? दरसाल चिमूटभर पैसा टाकायचा, मातीचा भराव घालायचा, थांबायचं, पुन्हा निवडणूक आली की नारळ. २०२२ च्या सप्टेंबरात गाडी नगरहून आष्टीपर्यंत आली. पुढं बीड गाठायला आणखी तीन वर्षं. सुरू झाली तेव्हाचं वेळापत्रक असं: सकाळी नगरहून निघायची, साडेपाच तासांनी बीडला. अंतर १६८ किलोमीटर. म्हणजे ताशी तीस. रविवारी तीही नाही. कामगाराला घरी जायला सुट्टी रविवारची आणि गाडीला पण सुट्टी रविवारची. अरे वा!

आणि दुसरीकडं? मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन. १४ सप्टेंबर २०१७ ला पायाभरणी. ५०८ किलोमीटरला १ लाख ८ हजार कोटी, हा तेव्हाचा अंदाज. मॅट्रिक झालोय, भागाकार येतो. बुलेटचे तेवीस किलोमीटर म्हणजे आमची अख्खी नगर–परळी. जपानी कर्ज आहे म्हणतात. कर्ज फेडायचं कुणी? ज्याच्या गावात स्टेशन नाही त्यानं पण!

आणि ही जी आली ती रेल्वे गेवराईची नाहीच. ती नगरकडून कडा, आष्टी, रायमोहा करत बीडला येते आणि तिथून वडवणीवरून परळीकडं जायची आहे. गेवराई राहिली उत्तरेला, गोदावरीच्या कडेला, सोलापूर–धुळे हायवेवर. हायवे आहे ना, मग रेल्वे कशाला, असं शहाणी माणसं विचारतात. हायवेवरनं दुसऱ्यांच्या गाड्या जातात. आम्ही कडेला उभं राहून हात करतो.

आता जरा मागं जाऊ. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर–ठाणे गाडी सुटली. का सुटली? इंग्रजाला आपला कळवळा होता म्हणून? मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस पाहिजे होता. १८७० साली खामगावला खास फाटा काढला, का, तर तिथं कापसाचा बाजार. कापूस जिथं, रूळ तिथं. निजामानं गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाड–संभाजीनगर–जालना अशी लाईन नेली १९०० च्या सुमारास. जालन्याला रेल्वे आली आणि बीड शहराला आली, ह्या दोन्हींत सव्वाशे वर्षांचं अंतर आहे. बीड जिल्ह्याच्या वाट्याला परळी, घाटनांदूर असा एक कोपरा तेवढा आला. गेवराईत काळी जमीन, कापूस आमच्याकडं पण ढीगभर. पण तो बैलगाडीतनं, पुढं ट्रकमधनं जात राहिला. सरकारचं अडलं नाही. मग आमचं अडलं तर कुणाला काय?

गड्यांनो, इथं मला खरी गोष्ट सांगायची आहे. रेल्वे मालासाठी आली, पण तिच्यात माणूसही चढला. घाटावरचा महार गावकीचं काम टाकून गाडीत बसला आणि मुंबईला गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या गँगमध्ये लागला. भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी ह्या रेल्वेच्या गावांत आपल्या पहिल्या पगारदार माणसांच्या चाळी उभ्या राहिल्या. महिन्याच्या महिन्याला रोख पगार, मुलगा शाळेत, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. चळवळीला वर्गणी ह्याच चाळींतून आली. मार्क्सनं १८५३ सालीच न्यूयॉर्कच्या एका पेपरात लिहिलं होतं की रेल्वेतून येणारे कारखाने हिंदुस्थानातली जातीची कामवाटणी मोडतील. म्हातारा निम्मा बरोबर निघाला.

निम्माच. कारण जात पण गाडीत चढली, बिनतिकीट. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला. आधी गोड बोलणारा स्टेशन मास्तर 'महार' हा शब्द ऐकल्याबरोबर बाजूला सरला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. आणि १९३८ च्या फेब्रुवारीत त्याच मनमाडला, रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की आपले शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपला माणूस गँगमनच राहतो, वर चढत नाही. त्याला हमाल म्हणून पण घेत नाहीत, कारण हमालानं स्टेशन मास्तरच्या घरचं काम करायचं असतं आणि ह्याचा हात घरात चालत नाही. हे त्यांनी मांडलं ते रेल्वेच्या भर जंक्शनात!

म्हणजे रेल्वेनं जात मोडली नाही. पण गावातनं निघायला दार दिलं. आत शिरल्यावर भांडायला तरी मिळालं. गेवराईला ते दारच मिळालं नाही.

मग गेवराईचा माणूस निघतो कसा? मुकादमाच्या ट्रकनं. दिवाळीच्या पुढंमागं तालुक्यात ट्रक, ट्रॅक्टर लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आधी उचल घ्यायची, मग ती फिटेस्तोवर फडात राबायचं. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. बाजलं, भांडी, शेळी, पोरगं सगळं ट्रकमध्ये. ह्यात बौद्ध आहे, मातंग आहे, वंजारी आहे, लमाण आहे, कोरडवाहू मराठा पण आहे. ट्रकला तिकीट लागत नाही, ह्यातच सगळं आलं. तिकीट काढणारा माणूस कुठं जायचं ते स्वतः ठरवतो. ट्रकमध्ये घातलेला माणूस दुसऱ्यानं ठरवलेल्या जागी जातो. ज्या जिल्ह्यात गाडी नाही तिथं मजूर स्वस्त राहतो आणि जागच्या जागी सापडतो. मी असं म्हणत नाही की कुणी मुंबईत बसून कट केला. कटाची गरजच नाही. सगळ्यांच्या सोयीचं असलं की तीस वर्षं सहज जातात.

जगात दुसरीकडं काय चाललंय ते पण बघा. हेच मँचेस्टर, ज्याच्यासाठी आपल्याकडं रूळ पडले. १८३० साली लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, तिथनं ही सगळी दुनियेची रेल्वे निघाली. आज त्या उत्तर इंग्लंडचं काय? गिरण्या बंद. १९६३ च्या एका सरकारी अहवालानंतर देशभरात हजारो मैल रूळ उखडले. मग लंडनपासून मँचेस्टर आणि लीड्सपर्यंत नवी वेगवान रेल्वे देऊ म्हणाले. २०२१ ला लीड्सचा फाटा कापला. ४ ऑक्टोबर २०२३ ला पंतप्रधान ऋषी सुनक यांनी मँचेस्टरचा पण कापला. आणि तो कापला कुठं उभं राहून? मँचेस्टरमध्येच, जुन्या बंद स्टेशनाचं सभागृह केलंय तिथं! लंडनकडचा तुकडा मात्र शाबूत. म्हणजे ज्यांच्या घामावर रेल्वे उभी राहिली त्यांना फलाटावर ठेवायचं, ही रीत गोऱ्या कामगाराला पण चुकली नाही. तिथला कामगार आपला भाऊबंद आहे. फरक एवढाच, त्याची गाडी काढून घेतली, आमची आलीच नाही.

काढून घेणं आपल्याकडं पण आहे. कोरोनात पॅसेंजर गाड्या बंद केल्या. परत सुरू झाल्या त्या एक्स्प्रेसच्या भाड्यानं. दहा रुपयांचं तिकीट तीस. गाडी तीच, वेग तोच, थांबे तेच. २०२४ च्या फेब्रुवारीत दहा परत केले. मधली वर्षं कुणाच्या खिशातून गेली? म्हाताऱ्यांची सवलत मार्च २०२० पासून गेली ती गेलीच. २०१७ पासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प पण मांडत नाहीत. पूर्वी निदान वर्षातनं एकदा कळायचं, कुणाच्या ताटात काय वाढलं.

आणि करमाड विसरू नका. ८ मे २०२०. जालन्याच्या कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर, घरी जायला गाडी मिळंल म्हणून रुळावरनं चालत निघाले. गाड्या बंद आहेत असं समजून थकून रुळावरच झोपले. पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळावर भाकरी पडल्या होत्या. माणसाची गाडी बंद होती, मालाची चालू होती. मी रोज गोदीत कंटेनर बांधतो. कंटेनरला गाडी वेळेवर लागते. त्याच्यासाठी रूळ वेगळा, क्रेन वेगळी, जागा राखीव. आतल्या मालाला कुणी आडनाव विचारत नाही. हे बघून मला कधी कधी वाटतं, आपण कंटेनरमध्ये बसून जावं.

आता आपल्याला पण दोन शब्द सुनावतो. आपण नामांतरासाठी लढलो, रक्त दिलं, ते बरोबरच होतं. पुतळ्यासाठी उठतो, ते पण बरोबर. पण रेल्वेच्या मागणीवर आपला मोर्चा कुणी बघितलाय? ते काम आपण व्यापारी संघाच्या आणि आमदाराच्या निवेदनावर सोडलं. मग स्टेशन येतं ते त्यांच्या गोडाऊनजवळ, गाडी येते ती त्यांच्या वेळेला. ६ डिसेंबरला लाखो माणसं जनरलच्या डब्यात चेंबून चैत्यभूमीला येतात. रेल्वेचा सगळ्यात मोठा बिनपंख्याचा प्रवासी आपणच आहोत. आपण मागायचं नाही तर कुणी?

मागणी साधी आहे. नकाशा घ्या, पट्टी ठेवा. खाली सोलापूर–तुळजापूर–धाराशिव, ८४ किलोमीटर, मंजूर. वर जालना–जळगाव, १७४ किलोमीटर, ऑगस्ट २०२४ ला मंजूर. मधला तुकडा कुठाय? धाराशिवपासून बीड, गेवराई आणि गोदावरी ओलांडून वर. तेवढाच गाळलाय. सर्व्हेच्या बातम्या ऐकून आमचे कान किटले. आम्हाला सर्व्हे नको, तारीख पाहिजे. बीड–परळी पुरी करा. बीडहून मुंबईला रातची गाडी द्या, संध्याकाळी निघून सकाळच्या पाळीला पोचणारी. तिला जनरलचे डबे पुढं चार, मागं चार लावा. आणि रविवारची सुट्टी गाडीला नको, आम्हाला द्या.

ही भेट नाही आणि कुणाची कृपा पण नाही. तिकीट आम्ही काढणार आहोत, पैसे मोजून.

येत्या दिवाळीला ट्रक लागायच्या आधी गेवराईच्या एस.टी. स्टँडवर आपण जमू. कोयता घेऊन जाणाऱ्यांना पण बोलवू, कुठल्या का जातीचे असेनात. फॉर्म, निवेदन, शिष्टमंडळ नको. एक मोडकं टेबल टाकू, वर खडूनं 'तिकीट खिडकी' लिहू आणि रांगेत उभं राहू. जो येईल त्यानं मोठ्यानं एवढंच म्हणायचं:

गेवराईचं एक तिकीट द्या!