कितवा नंबर आला?

सायक्लोक्रॉस म्हणजे थंडीतली, चिखलातली सायकल शर्यत. वाटेत ४० सेंटिमीटरपर्यंत उंच फळ्या असतात. तिथे उतरायचं, सायकल उचलायची, पळायचं, परत बसायचं. चढ निसरडा असेल तर सायकल सरळ खांद्यावर!

अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत वयानुसार गट असतात. त्यामुळे नोकरी सांभाळणारे हौशी लोकही मित्रांबरोबर उतरतात. आपण जिंकणार नाही, हे बहुतेकांना आधीच ठाऊक असतं. तरी काठावर उभे असलेले लोक शेवटच्यासाठीही घंटा वाजवतात. गाईच्या गळ्यातली घंटा, बरं का!

आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न ठरलेला, "कितवा नंबर आला?" मला तो पटत नाही. ३५वा आलेल्यानेही तोच चिखल तुडवलेला असतो. तुमचा मित्र शर्यतीहून आला, तर आधी विचारा, "कितीदा पडलास?" नंबर सांगायचा असेल, तर तो स्वतःच सांगेल.