मोजणी कोणाच्या दप्तरात?

सरकारी संकेतस्थळावर महिन्याला किती माणसे आली, हा आकडा वरिष्ठांना हवाच असतो. जबलपूरला आमच्या लहानशा कार्यालयात ही मोजणी कोणत्या साधनाने करावी, असा प्रश्न टिपणीवर आला. गूगल ॲनालिटिक्स फुकट आहे, तेच घ्यावे, असे एका तरुण सहकाऱ्याने सुचवले. मी सही केली नाही.

दुकानाच्या संकेतस्थळावर माणूस मर्जीने जातो. आमच्याकडे त्याला यावेच लागते. विधवा निवृत्तिवेतनाचा अर्ज कोणी उघडला, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचे पान कोणी तीनदा पाहिले, ही त्याच्या घरची गोष्ट झाली. ती तिऱ्हाइताच्या दप्तरात का जावी?

मी मॅटोमोच्या बाजूने मत दिले. २००७ मध्ये ‘पिविक’ या नावाने सुरू झालेली ही मुक्तस्रोत प्रणाली आपल्याच सर्व्हरवर चालते. तिच्यात आयपी पत्त्याचे शेवटचे भाग झाकता येतात, कुकी बंद ठेवता येते, जुन्या कच्च्या नोंदी आपोआप पुसता येतात. प्लॉसिबल अधिक सुटसुटीत आहे खरे. पण ते स्वतः चालवायचे तर क्लिकहाउस नावाचा निराळा डेटाबेस सांभाळावा लागतो, आणि आमच्याकडे मायएसक्यूएल जाणणारा माणूसही मुश्किलीने मिळतो.

मात्र माहिती सरकारच्याच घरात राहिली म्हणजे नागरिक निर्धास्त झाला, असे या शहरात बसून मला म्हणवत नाही. आणीबाणीतील बंदिप्रत्यक्षीकरणाचा खटला जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नावानेच ओळखला जातो. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी शासनाच्या बाजूने निकाल दिला. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, तेव्हा तो जुना निकाल चुकीचा होता असे लिहिणारे त्यांचेच पुत्र, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. आमच्या पदाचे नाव त्या इतिहासात ज्या बाजूला आहे, ते विसरून सोय पाहणे मला जमले नाही.

म्हणून टिपणीवर अटी घातल्या. भेटींच्या कच्च्या नोंदी तीस दिवसांनी पुसाव्यात, पुढे केवळ मासिक बेरीज राहावी. (सुरक्षेसाठी सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस ठेवण्याचा केंद्राचा २०२२ चा आदेश आहे, तो पाळावाच, पण त्या नोंदी मोजणीला वापरू नयेत.) परवलीचा शब्द व्यक्तीकडे नव्हे, पदाकडे असावा. आपल्याकडे बदलीबरोबर परवलीचा शब्दही गावाला जातो. मग प्रणाली अद्ययावत करायला कोणी उरत नाही, आणि तसा बेवारस सर्व्हर गूगलपेक्षाही धोक्याचा.

सहकाऱ्याने विचारले, मग कोणत्या तहसिलीतून किती लोक आले हे कसे कळणार? मी म्हटले, आयपी पत्त्यावरून ते आजही खात्रीने कळत नाही. आवक नोंदवहीत अर्जदाराचा पत्ता असतो, त्यावरून मोजा.