बायकांचं कपाट

अकोले इथल्या एका वाचनालयात ‘महिलांसाठी’ अशी पाटी लावलेलं कपाट आहे. आत पाककृती, व्रतकथा, विणकाम. मी ‘बळी’ मागितली, तर उत्तर मिळालं, “ताई, बायकांचं कपाट तिकडे.”

वर्गणी मात्र पुरुषांइतकीच! आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीवरची ही कादंबरी १९५० साली विभावरी शिरूरकर या बाईनेच लिहिली ना?

मैत्रिणींनो, कादंबरी दुसरीचं दुःख ओळखायला शिकवते, पण ते लादलं कुणी हे विचारायला वैचारिक लेखनही हवं. म्हणून ‘बळी’सोबत ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२), बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, ऊर्मिला पवार-मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) मागा. नसेल तर मागणीवहीत लिहा. दर आठवड्याला लिहा.

पाककृती घरातल्या पुरुषांसाठी न्या.